गच्चीकाकांचे कोरे फिल्टर

प्रयोगशाळेत त्यांना तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठ वळली की शून्यबाई. नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण ते इतकं चपखल बसलं होतं की नवीन आलेला माणूस आठवड्याभरात त्यांचं खरं नाव विसरून जायचा.

शून्याचं प्रकरण असं होतं. हवेत जे बारीक कण तरंगत असतात, धूळ, काजळी, गाड्यांच्या धुरातून तयार होणारे क्षार, भट्ट्यांमधून उडणारं शिसं, ते किती आहेत आणि कशाचे बनलेले आहेत हे मोजायचं काम या प्रयोगशाळेकडे होतं. शहरातल्या सहा इमारतींच्या गच्च्यांवर यंत्रं बसवलेली. यंत्र चोवीस तास हवा ओढणार, ती हवा एका पांढऱ्या गोल फिल्टरमधून जाणार आणि कण फिल्टरवर अडकणार. मग तो फिल्टर प्रयोगशाळेत आणून स्वच्छ पाण्यात भिजवायचा. पाण्यात काय काय उतरलं ते मशीन सांगतं. हे सगळं इतक्या सूक्ष्म मापात चालतं की माणसाच्या बोटाचा घामसुद्धा हवेतलं मीठ म्हणून मोजला जाऊ शकतो.

म्हणून दर काही फिल्टरमागे एक कोरा फिल्टर पाठवतात. त्याला ते ब्लँक म्हणतात. ब्लँकसुद्धा डबीतून गच्चीवर जातो, उघडला जातो, यंत्रात बसतो, परत निघतो, डबीत बंद होऊन येतो. पंप तेवढा चालू करायचा नाही. हवा ओढलीच नाही, तेव्हा त्याच्यावर काही सापडताच कामा नये. सापडलं, तर ते हवेतून आलेलं नसून हाताळणीतून आलेलं. मग त्या माणसाने आणलेल्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवता येत नाही. ब्लँक शून्य यायला हवा.

शून्यबाईंनी बावीस वर्षं या शून्याची राखण केली. आकडा खरा की खोटा हे ठरवणारी शेवटची सही त्यांची असायची. घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, जिभेला हाड नसलेली. "काहीच सापडलं नाही म्हणून खूश होणारी बाई मी जन्मात एकच पाहिली," ती म्हणायची. बाईंना त्याचा राग येत नसे. उलट बरं वाटायचं.

गच्च्यांवर जाणारी माणसं दोन. तीन गच्च्या एकाकडे, तीन दुसऱ्याकडे. पहिले गच्चीकाका. सतरा वर्षं जिने चढून गुडघ्यांची वाट लागलेली, पण अंगात एक प्रकारची सोवळी शिस्त. गच्चीवर वारा असतो, फिल्टर बसवताना धूळ उडते, म्हणून त्यांनी पारदर्शक प्लास्टिकची एक पेटी स्वतः बनवली होती. तिच्यात हात घालून ते फिल्टर बसवायचे. दुसऱ्याला सगळे जावई म्हणत. तो ऑफिसात कुणाचाच जावई नव्हता, पण थाट तसा. अकरानंतर यायचा, सगळ्यांना हसवायचा, कुणाच्या मुलीचा प्रवेश तर कुणाचा गॅस अशी कामं करून द्यायचा. त्याच्यावर रागावणं कुणाला जमलंच नाही.

एका वर्षी गच्चीकाकांचे ब्लँक घाण यायला लागले.

पहिल्या महिन्यात बाईंनी मशीन पुन्हा चालवलं. दुसऱ्या महिन्यात पाणी बदललं. तिसऱ्या महिन्यात त्यांनी बैठकीत, सगळ्यांसमोर, आलेखाचा कागद काकांपुढे सरकवला.

"काका, हे काय आहे?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेला. "माझे ब्लँक दिसतायत."

"ब्लँक म्हणजे कोरा. हा कोरा आहे? हे कॅल्शियम. सिमेंट, रस्त्याची धूळ. हे नायट्रेट. गाड्यांचा धूर. डबी उघडी टाकून चहाला जाता का तुम्ही?"

"नाही हो मॅडम. पेटीत धरूनच उघडतो. हातमोजे घालतो, चिमट्याने उचलतो, बोटाने कड दाबतो, बंद करतो. तुम्ही लिहून दिलंय तसंच."

"मग जावयाचे ब्लँक शून्य कसे येतात?" बाईंनी दुसरा कागद काढला. तो खरंच कोरा होता, एक सरळ रेघ. "तेच शहर, तीच हवा, तेच फिल्टर, तेच हातमोजे. फरक फक्त हातांचा आहे."

हे वाक्य बाईंना तिथल्या तिथे सुचलं होतं आणि ते त्यांना फार नेमकं वाटलं. मग स्टोअर सांभाळणारा क्लार्क म्हणाला, "काका, साबण बदलून बघा," आणि सगळे हसले. मोठे साहेबही हसले. जावई सगळ्यात मोठ्याने.

काका हसू ओसरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "मॅडम, एकदा माझ्याबरोबर वर चला. मी कसं करतो ते समोर उभ्या राहून बघा. चुकत असेल तर सांगा."

"मला माणसं बघायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "फिल्टर सांगतो ते पुरे आहे."

त्यानंतर काकांनी जे केलं ते बाईंना कागदावरूनच कळत होतं. ते प्रत्येक फिल्टरसाठी नवीन मोजे वापरायला लागले. मग एकावर एक दोन जोड. कड नीट बसावी म्हणून जास्त वेळ दाबून धरायला लागले. आणि जितकी काळजी वाढली तितके ब्लँक अधिक घाण येत गेले. बाईंना वाटलं, हा माणूस मुद्दाम करतोय. मी बैठकीत बोलले म्हणून सूड उगवतोय.

तोवर ऑफिसात काकांचं नाव बदललं होतं. नायट्रेटकाका. कुणी त्यांच्याशी हात मिळवला की लगेच खोटं खोटं हात झटकायचा. जेवणाच्या टेबलावर त्यांनी डबा पुढे केला तर बाकीचे "नको, कॅल्शियम जास्त होईल," असं म्हणायचे. बाई या थट्टेत कधी सामील झाल्या नाहीत. त्यांनी ती थांबवलीही नाही. एकदा त्यांच्या देखत क्लार्कने काकांच्या खुर्चीवर साबणाची वडी ठेवली. काकांनी ती उचलून खिशात घातली, आणि बाई आपल्या खोलीत निघून गेल्या.

वर्ष पुरं झाल्यावर बाईंनी अहवाल लिहिला. निष्कर्ष, वारंवार निष्काळजीपणा. शिफारस दोन ओळींची: या कर्मचाऱ्याने त्या वर्षात आणलेले सर्व आकडे रद्द समजावेत, कर्मचाऱ्याची सेवा पुढे चालू ठेवू नये. मोठ्या साहेबांनी एकदाच विचारलं, "सगळेच रद्द? धातूंचे पण?" धातूंचा फिल्टर वेगळा असतो, तो क्षारांच्या मशीनकडे येतच नाही. बाई म्हणाल्या, "हात तोच आहे ना सर?"

शेवटच्या दिवशी काकांनी तिन्ही गच्च्यांच्या किल्ल्या, शिडी आणि हवेचा वेग मोजायचं उपकरण नीट पुसून टेबलावर मांडलं. प्लास्टिकची पेटीही आणली होती. "ही माझी आहे, पण पुढच्या माणसाला उपयोगी पडेल," ते म्हणाले. यादीत नसलेली वस्तू घेता येणार नाही, असं बाईंनी सांगितलं. पेटी बगलेत धरून ते गेले.

त्यांच्या जागी आलेल्या माणसाचे ब्लँक तीन महिन्यांत शून्यावर आले. तेवढ्यात हातमोज्यांचा जुना साठाही संपून नवीन आला होता, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. बाईंना जो पुरावा हवा होता तो मिळाला होता. त्यांचं कौतुक झालं. दरवर्षी नवीन भरती झालेल्यांना त्या प्रशिक्षण द्यायच्या, त्यात आता एक नवीन चित्र आलं: वर गच्चीकाकांच्या ब्लँकचा आलेख, खाली जावयाचा. "हात बोलतात," असं म्हणून त्या थांबायच्या. तीन वर्षं त्यांनी ते चित्र दाखवलं. त्यातल्या दोन उंचवट्यांचं प्रमाण त्यांना पाठ झालं होतं: कॅल्शियम एक, तर नायट्रेट तीन. दर महिन्याला तेच प्रमाण. धूळ कधी इतक्या शिस्तीत पडत नाही, हे त्यांच्यासारख्या बाईला सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

चौथ्या वर्षी सहा नवीन मुलंमुली आली. बाईंनी त्यांना हातमोज्यांची चाचणी दाखवायची ठरवली. नियम त्यांचाच होता: नवीन साठा आला की एका मोज्याचं बोट कापून स्वच्छ पाण्यात तासभर ठेवायचं, ते पाणी मशीनमध्ये घालायचं, मोज्यालाच क्षार लागलेले असतील तर साठा परत पाठवायचा. त्या दिवशी वापरातले मोजे संपले होते. क्लार्कने स्टोअरच्या मागच्या फळीवरून एक धुळकट खोका शोधून आणला. "हा जुना आहे, फिल्डवाल्यांचा. चालेल ना दाखवायला?"

"चालेल," बाई म्हणाल्या.

मोज्याचं बोट कापलं, भिजवलं, पाणी मशीनला लावलं. पडद्यावर रेघ पुढे सरकू लागली. बाई मुलांकडे तोंड करून बोलत होत्या. रेघ चढली, उतरली, पुन्हा चढली. पुढच्या बाकावरची एक मुलगी मान तिरकी करून बघत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "हे तर सकाळी तुम्ही दाखवलेल्या त्या घाणेरड्या ब्लँकसारखंच दिसतंय."

बाई वळल्या. कॅल्शियम एक, नायट्रेट तीन.

कारखान्यात मोजे तयार करताना साच्यांवर एक क्षार लावतात, म्हणजे रबर नीट धरतं. मग मोजे धुतात. हा साठा नीट धुतलाच गेला नव्हता. तो क्षार कॅल्शियम नायट्रेटच असतो, हे बाईंनी कधीतरी वाचलेलं होतं; तेवढ्यासाठीच तर चाचणीचा नियम केला होता. त्यांनी मुलांना जेवायला सोडलं, क्लार्ककडून आवक-नोंदीची फाइल मागवली आणि ती त्या खोक्याच्या तारखेवर उघडली. "तपासणी: योग्य." खाली त्यांची सही.

त्यांना तो दिवस आठवला, आणि आठवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, हेच वाईट होतं. मशीनची नळी तुंबली होती, दुरुस्तीवाला दोन दिवसांनी येणार होता, क्लार्क दारात पेन पुढे करून उभा होता. नंतर तपासू, म्हणून त्यांनी सही केली. नंतर विसरल्या. बावीस वर्षांत एकदा.

त्या तशाच मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी शांतपणे सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे अजून कुणाला माहीत आहे?"

"सहा मुलांनी पाहिलंय. समजलंय एकीला, बहुतेक."

"मग तिला सांगा की मशीन घाण होतं. मॅडम, तीन वर्षं झाली. तो माणूस दुसरीकडे लागला असेल. कशाला उकरून काढताय?"

"सर, चूक माझी आहे."

"तेच म्हणतोय मी," साहेब म्हणाले. "चूक तुमची आहे. ती गाजवायची हौस कशाला?"

घरी ताईने मात्र एका वाक्यात निकाल लावला. "चारचौघांत त्याची अब्रू घेतलीस ना? मग त्याच्या घरी जाऊन तोंडाने सांग. चिठ्ठी पाठवू नकोस."

रविवारी दुपारी बाई पत्ता शोधत गेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. दार काकांच्या बायकोने उघडलं. ती इस्त्री करत होती. टेबलावर एकसारख्या शर्टांचा ढीग, सगळे परक्या घरचे. काका खिडकीपाशी बसले होते. बारीक झाले होते. बाईंना पाहून सवयीने उठून उभे राहिले, आणि उभे का राहिलो ते न कळल्यासारखे तसेच थांबले.

बाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. मोजे, क्षार, चाचणी न करता केलेली सही. "तुमचं काही चुकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळं मी लिहून दिल्याप्रमाणे केलंत, म्हणूनच ते ब्लँक तसे आले."

बायको बोलली. इस्त्री चालूच होती, नजर शर्टावर.

"तुमचं पत्र आलं ना, तेव्हा मी यांच्या बाजूने एक शब्द बोलले नाही. म्हटलं, एवढी शिकलेली बाई खोटं कशाला लिहील? यांचंच काहीतरी असणार. तीन वर्षं मी यांना ताटावर बसताना विचारते, हात नीट धुतलेत का. दर जेवणाला. पहिल्यांदा चिडून विचारायचे, मग सवय झाली. हे उठतात आणि परत धुऊन येतात. आज सकाळीसुद्धा विचारलं." तिने शर्ट उलटला. "आता तुम्ही येऊन सांगताय. बरं झालं. आज जेवायला बसले की मी काय म्हणू, तेवढं सांगून जा."

"मी माफी मागायला आले आहे," त्या म्हणाल्या.

"माझी मागू नका. मी तुमच्याच पंगतीत आहे."

काका आतल्या खोलीत गेले आणि कागदांचा एक गठ्ठा घेऊन आले. त्यांच्या गच्चीवरच्या नोंदींच्या कार्बन प्रती. एका तारखेला बोट ठेवून त्यांनी पान बाईंपुढे धरलं. शेवटच्या रकान्यात, शेरा म्हणून, त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: "आजपासून नवीन मोजे. वरून पांढरट पूड जाणवते. कृपया तपासून कळवावे." खाली बाईंची सही. "पाहिले."

बाई महिन्याला साठसत्तर पानांवर सह्या करायच्या. आकडे एकूण एक वाचायच्या. शेऱ्याचा रकाना त्यांनी वर्षानुवर्षं वाचला नव्हता. त्यात माणसं पाऊस होता, कुलूप बिघडलं, असलं काहीबाही लिहितात, असा त्यांचा अनुभव होता.

"बैठकीत का नाही बोललात हे?" त्यांनी विचारलं, आणि विचारताक्षणी आपल्याच आवाजाची लाज वाटली.

"बोलणार होतो," काका म्हणाले. "पण तुम्ही म्हणालात, तेच हातमोजे. जावयाचे स्वच्छ येतायत म्हटल्यावर मलाच वाटलं, मोजे चांगले असतील. पूड माझ्याच हाताची असेल." मग त्यांनी इतक्या वेळात पहिल्यांदा सरळ बाईंकडे बघितलं. "मॅडम, शाळेच्या गच्चीवरचे आकडे राहिलेत ना?"

काकांच्या तीन गच्च्यांपैकी एक शाळेची होती. शाळेमागे धातू वितळवायची भट्टी. त्या वर्षी तिथल्या फिल्टरवर शिसं बेसुमार यायला लागलं होतं. आकडे रद्द झाल्यावर तिथलं यंत्रच दुसऱ्या गच्चीवर हलवलं गेलं होतं.

"शिशाचे म्हणतोय मी," काका म्हणाले. "त्या फिल्टरला हात लागतच नाही. प्लास्टिकच्या कड्याला धरून बसवतो आपण. मोज्यांचा काय संबंध?"

"तुमचे सगळेच रद्द केले होते."

"कुणी?"

"मी."

"आणि फिल्टर? जपून ठेवलेले असतील ना? पुन्हा मोजता येतील."

"दोन वर्षांनी नष्ट करतात. नियम आहे."

"नियम तुमचाच ना?"

"हो."

काकांनी गठ्ठा पुन्हा बांधला. गाठ मारायला त्यांना वेळ लागला. बोटांची कातडी फाटून भेगाळली होती. "मी रोज मधल्या सुट्टीत चढायचो तिथे," ते म्हणाले. "मुलं खाली मैदानात असायची. मला वाटायचं, नोकरी गेली तरी तेवढे आकडे तर गेले नसतील." मग म्हणाले, "या आता तुम्ही."

सोमवारी बाईंनी अहवाल लिहायला घेतला, आणि लिहिता लिहिता आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. मोजे सगळ्यांना तेच होते. म्हणजे त्या वर्षी जावयाच्या ब्लँकवरही तेच दोन उंचवटे यायला हवे होते. त्याची रेघ सरळ होती. ती सरळ राहण्याचा एकच मार्ग होता: डब्या कधी उघडल्याच गेल्या नव्हत्या.

त्यांनी जावयाला बोलावून विचारलं. तो जराही गांगरला नाही. खुर्ची ओढून बसला.

"मॅडम, चार जिने चढून जायचं, डबी उघडायची, बंद करायची आणि पंप चालवायचा नाही. असलं काम कोण करतं हो? तुम्हाला शून्य आवडतं. मी शून्य दिलं. इतक्या वर्षांत तुम्ही कधी विचारलंत, एवढं स्वच्छ कसं काय?"

"मी हे लिहिणार आहे."

"लिहा की," तो म्हणाला, आणि जाताना दार हळूच लावून गेला.

बाईंच्या अहवालात तीन मागण्या होत्या. गच्चीकाकांवरचा ठपका काढून त्यांना परत घ्यावं. शाळेच्या गच्चीवरचे शिशाचे आकडे पुन्हा ग्राह्य धरावेत. जावयाचे आकडे तपासावेत. चौकशीला तीन जणांची समिती बसली. तिच्यापुढे बाई पाऊण तास बोलल्या. आलेख दाखवले, नोंदी दाखवल्या, स्वतःची सही दाखवली. समितीचे अध्यक्ष वयस्कर गृहस्थ होते, बोलायला मऊ.

"मॅडम, तीन वर्षांपूर्वी तुम्ही लिहून दिलंत की एक माणूस निष्काळजी आहे आणि दुसरा आदर्श. तेव्हाही तुमची शंभर टक्के खात्री होती. आज म्हणता, पहिला निर्दोष आणि दुसरा लबाड. आजही शंभर टक्के. आम्ही यातले कुठले शंभर धरायचे?"

"आजचे," बाई म्हणाल्या. "आज पुरावा आहे."

"तेव्हाही होताच की."

क्लार्कला खोका कुठून आला ते आठवेना. साहेब म्हणाले, बाईंवर कामाचा ताण आहे, हे आपण बरेच दिवस बघतोय. पुढच्या बाकावरची ती मुलगी साक्षीला आलीच नाही. तिची नेमणूक अजून कायम व्हायची होती. जावई आला, सगळ्यांशी हसून बोलला, म्हणाला मॅडमकडून आपण सगळं शिकलो, त्यांना बरं वाटावं हीच इच्छा.

निकाल असा लागला. ज्यांनी स्वतःच चाचणी न करता सही केल्याचं कबूल केलं आहे, त्यांच्या सांगण्यावरून रद्द झालेले आकडे पुन्हा ग्राह्य धरता येणार नाहीत. सबब शाळेचे आकडे रद्दच राहतील. जावयाविरुद्ध पुरावा नाही. बाईंना आकड्यांच्या तपासणीवरून काढून काचेची भांडी धुण्याच्या विभागात बसवण्यात आलं. तपासणीची जागा रिकामी राहून चालणार नव्हतं, म्हणून ती तात्पुरती जावयाकडे दिली. महिन्याभराने कायम केली.

भांड्यांच्या खोलीत पहिल्याच सकाळी बाईंना नळापाशी साबणाची वडी दिसली, कागदात गुंडाळलेली, वर चिठ्ठी: "मॅडमसाठी." त्यांनी कागद सोडवला आणि वडी वापरायला घेतली. भट्टीचा परवाना त्याच महिन्यात वाढवून मिळाला. अर्जासोबत शाळेच्या परिसरात शिशाची ग्राह्य नोंद नाही, असा प्रयोगशाळेचा दाखला जोडलेला होता. दाखल्यावर सही जावयाची, आकड्यांची तारीख बाईंच्या काळातली.

काकांच्या बाबतीत एक पत्र निघालं. ते टपालाने जाणार होतं, पण बाईंनी मागून घेतलं. काका शहरातल्या एका सात मजली इमारतीत लिफ्ट चालवतात, असं त्यांच्या बायकोने दारातूनच सांगितलं होतं. बाई सकाळी साडेदहाला तिथे पोचल्या. लिफ्टचं दार उघडं होतं. आत स्टुलावर काका, निळा गणवेश, आणि फायली घेतलेली चार माणसं. बाई आत शिरल्या.

"कितवा?" काकांनी विचारलं, इतरांना विचारतात तसंच.

"मी पत्र घेऊन आलेय, काका. तुमचं."

"वाचा."

"इथे?"

"बैठकीत सगळ्यांसमोरच विचारलं होतं ना."

लिफ्ट वर जायला लागली. बाईंनी पाकीट फोडलं. अशा जागेत दुसऱ्याचं न ऐकता उभं राहणं कुणालाच जमत नाही. बाईंनी वाचलं: "आपल्या सेवापुस्तकातील निष्काळजीपणाबाबतचा शेरा मागे घेण्यात येत आहे. मात्र मधल्या काळात पद भरले गेल्याने फेरनियुक्तीचा विचार करता येणार नाही. याबाबत पुढील पत्रव्यवहार करू नये."

"झालं?"

"झालं."

"खाली सही कुणाची आहे?"

बाईंनी बघितलं. तपासणी विभाग प्रमुख म्हणून सही जावयाची होती. त्यांनी तसं सांगितलं.

काकांच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज निघाला. माणसांपैकी एकाला वाटलं काहीतरी विनोद झाला, म्हणून तोही जरासा हसला. काकांनी पत्र घेतलं नाही. लिफ्ट थांबली, त्यांनी जाळीचं दार सरकवलं.

"पाचवा मजला," ते म्हणाले.

पाचव्या मजल्यावर कुणीच उतरलं नाही. सगळे बाईंकडे बघत होते. मग त्या उतरल्या. दार लागलं, लिफ्ट वर गेली. समोर लांबच लांब बोळ होता, दोन्ही बाजूंना बंद दारं. एका दारातून शिपाई बाहेर आला आणि म्हणाला, "कोण पाहिजे, बाई?"

"कुणी नाही," त्या म्हणाल्या, आणि जिना कुठे आहे ते विचारलं.